गणेशखिंडीतले दोन शेजारी आणि विश्वाचा पसारा

पुण्याच्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, दोन संशोधन संस्था एकमेकींना लागून उभ्या आहेत. एक आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र, आणि दुसरी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, जिला जाणकार मंडळी एनसीआरए म्हणतात. एकीच्या उपाहारगृहातला चहा दुसरीच्या दारापर्यंत नेला तर वाटेत निवणार नाही, इतकेच अंतर. पहिली संस्था १९८८ पासून डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केली. दुसरीच्या मागे प्रा. गोविंद स्वरूप होते, ज्यांनी आधी उटीला आणि नंतर आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणी बांधल्या. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे आपल्याला पटलेले नाही, असे नारळीकर आयुष्यभर सांगत राहिले. आणि स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी उटीला घेतलेली मोजमापे मात्र महास्फोटाच्या बाजूने साक्ष देणारी निघाली. स्वरूप २०२० मध्ये गेले, नारळीकर २०२५ मध्ये. विश्वाचा उगम, विस्तार आणि शेवट या विषयावर बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा मला प्रथम हा शेजार आठवला. याचे कारण असे की, हे तीन प्रश्न दिसायला तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच खटपट आहे: समोर दिसणारी वस्तू किती दूर आहे, हे मोजण्याची. अंतर चुकले की वय चुकते, वय चुकले की उगमाची गोष्ट चुकते, आणि मग शेवटाविषयी बोलायलाच नको.

आरंभ अंधारापासून करू. पुण्यात खरा काळोख पाहायचा तर आता ताम्हिणीच्या पलीकडे जावे लागते, पण तो पाहिलेल्यांपैकी किती जणांनी विचारले असेल की रात्र काळी का असते? सूर्य मावळलेला असतो म्हणून, हे उत्तर पुरत नाही. विश्व अनंत असेल, तारे त्यात सर्वत्र सारखे विखुरलेले असतील आणि ते अनादि काळापासून तेवत असतील, तर कुठल्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी कुठल्यातरी ताऱ्यावर जाऊन आदळली पाहिजे. भीमाशंकरच्या दाट रानात उभे राहिले की चहूकडे खोडेच दिसतात, मधून पलीकडचा उजेड दिसत नाही, तसेच. म्हणजे सगळे आकाश सूर्याच्या पृष्ठभागाइतके लखलखीत हवे. जर्मनीतल्या ओल्बर्स नावाच्या डॉक्टरने १८२३ मध्ये हा पेच मांडला आणि पुढे तो त्याच्याच नावाने ओळखला गेला. त्याची उकल फार पुढे झाली: ताऱ्यांचे वय मर्यादित आहे, अतिदूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पुरेसा काळच लोटलेला नाही, आणि जो येतो तो वाटेत ताणला जाऊन क्षीण होतो. रात्र काळी असणे हे विश्वाला वय असल्याचे पहिले निरीक्षण होते, आणि ते करायला दुर्बीणही लागत नव्हती.

पुढच्या निरीक्षणाला मात्र दुर्बीण लागली, आणि त्याहून अधिक चिकाटी लागली. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट ही बाई छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम करीत असे. ठरावीक काळाने उजळणाऱ्या आणि मंदावणाऱ्या सेफीड ताऱ्यांची नोंद ठेवता ठेवता १९१२ मध्ये तिने दाखवून दिले की ज्याची उघडझाप सावकाश, तो तारा मुळात अधिक तेजस्वी. हे कळणे म्हणजे दिव्याचे वॅट कळण्यासारखे होते. लांबवर एक दिवा मिणमिणताना दिसतो. तो जवळचा झिरोचा दिवा आहे की दूरचा मोठा हॅलोजन, हे नुसते पाहून सांगता येत नाही, पण वॅट ठाऊक असतील तर अंतराचे गणित शाळकरी मुलगाही करील. याच ताऱ्यांच्या आधारे एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी तेजोमेघाचे अंतर काढले. ते जवळपास नऊ लाख प्रकाशवर्षे आले आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतला ढग नसून स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा वेगळा पसारा आहे, हे सिद्ध झाले. आज आपण ते अंतर २५ लाख प्रकाशवर्षे मानतो. हबल यांचे उत्तर जवळजवळ तिपटीने कमी होते. ही चूक लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचे आहे.

१९२९ मध्ये हबल यांनी दीर्घिकांची अंतरे आणि त्यांचे वेग यांची सांगड घातली. जी दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जात असल्याचे तिच्या वर्णपटातील ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकल्यावरून, दिसत होते. त्याच्या दोन वर्षे आधी बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी, आणि त्याही आधी १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन यांनी, आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व निघते हे दाखवले होते. खुद्द आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये विश्व जागच्या जागी थांबावे म्हणून आपल्या समीकरणात एक जादा पद घातले होते. ते पद पुढे त्यांनी सोडून दिले, आणि अगदी वेगळ्या कामासाठी ते परत आले. ती कथा शेवटी येईल.

आपण मध्यभागी असल्याशिवाय सगळे आपल्यापासूनच कसे दूर जाईल, ही शंका इथे हमखास येते. म्हणून मी येताना तुळशीबागेतून हातभर इलॅस्टिक घेऊन आलो आहे. परकराच्या कमरेला लावतात ते. त्यावर बॉलपेनने दर सेंटिमीटरला एकेक खूण केली आहे. हे ताणून दुप्पट केले. पहिल्या खुणेवर बसलेल्या मुंगीला शेजारची खूण एक सेंटिमीटर सरकलेली दिसेल, तिच्यापुढची पाचवी पाच सेंटिमीटर आणि दहावी दहा. जितके अंतर अधिक, तितके सरकणे अधिक, म्हणजे हबल यांनी सांगितले तेच. आता मुंगी उचलून सातव्या खुणेवर ठेवा. तिलाही दोन्ही बाजूंना हेच दिसेल. मध्य कुठेच नाही, आणि खुणाही आपल्या पायांनी चालत गेलेल्या नाहीत, मधला पट्टा ताणला गेला आहे. माझ्या पट्ट्याला दोन टोके आहेत, हा दाखल्याचा दोष आहे. दोन्ही टोके शिवून टाकली तर तोही जातो.

हाच पट्टा उलटा, म्हणजे भूतकाळाकडे, सैल सोडला तर विश्वाचे वय निघते. सध्याच्या मोजणीने दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे विस्ताराचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. ३२.६ लाख प्रकाशवर्षांचे किलोमीटर करा, त्याला ७० ने भागा, आलेल्या सेकंदांची वर्षे करा. उत्तर १४०० कोटींच्या आसपास येते. विस्ताराचा वेग वाटेत थोडा कमीजास्त झाला, तो हिशेब धरला की आजचा मान्य आकडा मिळतो: १३८० कोटी वर्षे. हबल यांच्या हाती मात्र ७० च्या जागी ५०० होते, कारण त्यांची अंतरे कमी भरत होती. त्यांच्या गणिताने विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे येई, आणि त्याच सुमारास पृथ्वीवरच्या खडकांचे वय त्याहून अधिक भरू लागले होते. आई मुलीहून लहान ठरत होती.

(पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराहकल्प म्हणतो, तो कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचे वय आज ४५४ कोटी मानतात, तेव्हा आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते, असे प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी येऊन सांगते. आकडा डौलदार आहे आणि एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करण्याची हिंमतही मोठी आहे. पण तो मोजून आलेला नाही, त्यामुळे उद्याच्या मोजणीने तो चूक ठरण्याची सोय त्यात नाही. हबल यांच्या २०० कोटींत ती होती, म्हणून मी त्या चुकलेल्या आकड्याला अधिक मान देतो.)

वयाचा हा घोळ ध्यानात घेतला नाही तर १९४८ मध्ये केंब्रिजच्या तीन तरुणांनी जे केले ते विक्षिप्त वाटेल. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी विचारले की विश्वाला आरंभच नसेल तर? दीर्घिका दूर जातात हे खरे, पण मध्ये पडणाऱ्या रिकाम्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहिले, त्यातून नव्या दीर्घिका घडत राहिल्या, तर विश्व सतत पसरूनही कायम तसेच दिसेल. वाहत्या नदीचे पाणी बदलते, नदी तीच राहते. त्यासाठी लागणारे द्रव्य तरी किती? एका घनमीटर जागेत शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखाददुसरा अणू. याला स्थिर स्थिती सिद्धान्त म्हणतात. शून्यातून द्रव्य कसे येईल, असे विरोधकांनी विचारले, तेव्हा या मंडळींचे उत्तर होते की तुम्ही ते सगळे एकाच क्षणी आणता, आम्ही थोडे थोडे आणतो, इतकाच फरक. ‘बिग बँग’ हा शब्दही हॉइल यांचाच. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी प्रतिपक्षाच्या कल्पनेला तो वापरला. आपण त्याचे ‘महास्फोट’ केले आणि गोंधळात भर घातली, कारण स्फोट म्हटले की स्फोटाची जागा आणि भोवतीचे मोकळे आकाश डोळ्यांपुढे येते, आणि त्या सिद्धान्तात यांतले काहीच नाही.

सिद्धान्त खोडून काढता यावा अशा रीतीने मांडलेला होता, ही त्याची मोठी जमेची बाजू. विश्व सदैव सारखेच असेल तर दूरचे, म्हणजे जुने, विश्व जवळच्यासारखेच दिसायला हवे. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी रेडिओ लहरी सोडणाऱ्या उगमांची शिरगणती मांडली. गणित सरळ आहे: अंतर दुप्पट झाले की उगम चौपट क्षीण दिसतो, पण तेवढ्या अंतराच्या आतली जागा आठपट होते, म्हणून क्षीण उगमांची संख्या ठरावीक प्रमाणात वाढली पाहिजे. राइल यांना ती या प्रमाणापेक्षाही अधिक आढळली. पूर्वी विश्वात रेडिओ दीर्घिका अधिक होत्या किंवा अधिक प्रखर होत्या, म्हणजेच विश्व बदलले आहे, असा त्याचा अर्थ होता. हॉइल लगेच मान्य करणार नव्हते, आणि त्यालाही कारण होते. राइल यांची १९५५ ची गणती सदोष निघाली होती आणि सिडनीच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले होते. १९६१ च्या नव्या गणतीला उत्तर देण्याच्या कामात हॉइल यांच्या हाताशी होता त्यांचा तेव्हाचा संशोधक विद्यार्थी, कोल्हापुरात जन्मलेला, विशीतला जयंत नारळीकर. गुरुशिष्यांचा युक्तिवाद असा होता की दीर्घिका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसून त्यांचे प्रचंड पुंजके असतील, आणि आपण अशा पुंजक्याच्या विरळ भागात असू, तर स्थिर स्थितीच्या विश्वातही गणती अशीच येईल. एवढे मोठे पुंजके असतात यावर त्या काळी फार कमी लोकांचा विश्वास होता.

पुंजके असतात, हे पुढे निर्विवाद ठरले. २०१७ मध्ये आयुका आणि पुण्याच्याच आयसर या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या गटाने मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, असा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ असे नाव दिले. त्याची लांबी ६० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. १९६१ च्या त्या युक्तिवादातली सामग्री खरी होती. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही.

तो टिकू न देण्यात उटीचा वाटा आहे. उटीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, आणि ती डोंगराच्या उतारावर मुद्दाम अशी बसवली आहे की उतार ११ अंशांचा भरावा. उटीचा अक्षांशही ११ आहे, त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला, आणि एकाच आसाभोवती फिरवून उगमाचा तासन्तास पाठलाग करणे शक्य झाले. जागेची निवडच निम्मे यंत्र होती. कमी पैशांत विज्ञान करण्याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. या दुर्बिणीने चंद्राचा सुरीसारखा उपयोग केला. चंद्राची कड रेडिओ उगमाला झाकू लागते, त्या पिधानाच्या वेळी उगमाची लहर ज्या रीतीने विझत जाते त्यावरून उगमाचा आकार कळतो. अशा शेकडो उगमांचे आकार मोजल्यावर स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवले की क्षीण, म्हणजे दूरच्या, उगमांचे आकार ज्या प्रकारे लहान होत जातात, त्याचा मेळ बदलत्या विश्वाशी बसतो, स्थिर विश्वाशी बसत नाही. 

तोवर निकाल जवळजवळ लागलेला होता, हेही सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती. दिशा बदलली तरी ती होती, ऋतू बदलला तरी होती. अँटेनात कबुतरांनी घर केले होते. त्यांना हाकलून त्यांची घाण खरवडून काढली, तरीही खरखर उरलीच. ती विश्वाच्या बालपणीची ऊब होती. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना, तापमान ३००० अंशांपर्यंत उतरल्यावर, इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रे यांचे अणू झाले आणि कोंडलेला प्रकाश मोकळा झाला. तेव्हापासून विश्व अकराशे पट ताणले गेले, तसा तो प्रकाशही ताणला जाऊन आज निरपेक्ष शून्याच्या वर फक्त २.७ अंशांवर आहे. सिंहगडावरच्या मनोऱ्याचे प्रक्षेपण बंद झाल्यावर आपल्या जुन्या दूरदर्शन संचाच्या पडद्यावर ज्या मुंग्या येत, त्यांच्यातली शंभरातली एखादी मुंगी या प्रकाशाची असे. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने विश्वाचे बालपण पाहिले आहे आणि वैतागून संच बंद केला आहे.

सर्व दिशांनी येणाऱ्या या प्रकाशाला पार्श्वभूमीचे प्रारण म्हणतात. त्याचा अंदाज अल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्येच केला होता. त्याच वर्षी अल्फर आणि गॅमाव्ह यांनी विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतल्या अणुभट्टीचा विचार मांडला. विश्वातील सामान्य द्रव्याचा वजनाने सुमारे पाव भाग हेलियम का आहे, याचे समाधानकारक उत्तर तिथे मिळते. पण कार्बन, ऑक्सिजन, लोह हे त्या भट्टीत शिजत नाहीत. ते ताऱ्यांच्या पोटात शिजतात, आणि हे १९५७ मध्ये सविस्तर मांडणाऱ्या चौघांत हॉइल होते. आरंभाविषयी त्यांचे चुकले असेल, पण तुमच्याआमच्या रक्तातल्या लोहाचे मूळ सांगणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत आहेत.

नारळीकरांनी मग काय केले? १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि त्यांनी जुन्या सिद्धान्ताची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात विश्व सुमारे ५००० कोटी वर्षांच्या आवर्तनांनी फुगते आणि आक्रसते, तरी एकंदरीत पसरतच जाते, आणि द्रव्याची निर्मिती अधूनमधून, ठिकठिकाणी, लहान लहान स्फोटांत होते. पार्श्वभूमीचे प्रारण हा जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश असून लोहाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी तो शोषून पुन्हा सोडल्यामुळे एकजिनसी झाला, असा त्यांचा दावा होता. माझे मत विचाराल तर ही मांडणी तग धरणारी नाही. या प्रारणात लाखात एक भागाइतके जे चढउतार आहेत, ते आधी कोबे आणि नंतर प्लँक या उपग्रहांनी टिपले, आणि त्यांचा नकाशा महास्फोटाच्या प्रतिमानात अवघ्या सहा आकड्यांनी जसा जुळतो तसा तो सुयांनी जुळत नाही. पण महास्फोटवाल्यांच्या ज्या जागांवर नारळीकर बोट ठेवत, त्या जागा दुखऱ्याच होत्या. शून्य क्षणाशी समीकरणे निकामी होतात. त्या दोषाला फुगवट्याचा सिद्धान्त, म्हणजे अगदी आरंभी विश्व क्षणार्धात अफाट फुगले ही कल्पना, थोडे मागे ढकलतो, पण तो फुगवटा नेमका कशामुळे आला याचे सर्वमान्य उत्तर नाही. आणि विश्वाच्या एकूण सामग्रीपैकी ९५ टक्के सामग्री अशी आहे की जिचा एक कणही आजवर कुठल्या प्रयोगशाळेत हाती लागलेला नाही.

विस्ताराकडे येतो. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड सर्व दिशांना सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. वय १३८० कोटी असताना त्रिज्या ४६०० कोटी कशी, तर प्रकाश निघाल्यावर मागची वाट ताणली जात राहिली म्हणून. हे इलॅस्टिक पुन्हा पाहा. ताणण्याचा हा खेळ खोडदला सेंटिमीटरांत मोजता येतो. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. विश्व सुमारे ४९० कोटी वर्षांचे असताना एका दीर्घिकेतून निघालेली अशी लहर, वाटेत दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखी मोठी होऊन, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला मिळाली. तो शोध २०२३ मध्ये जाहीर झाला. पोहोचली तेव्हा तिची लांबी ४८ सेंटिमीटर होती. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून उभ्या असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या त्या ३० तबकड्यांना एखाद्या शिंप्याच्या टेपसारखे विश्वाचे ताणलेपण मोजता येते, हे नाशिक रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल! कडेच्या पलीकडे काय आहे? जागेची वक्रता मोजली तर ती एका टक्क्याहूनही कमी फरकाने सपाट भरते, म्हणजे विश्व अनंत असेल किंवा दिसते त्याहून खूपच मोठे असेल.

आता शेवट. १९९८ पर्यंत बहुतेकांची समजूत होती की द्रव्याच्या ओढीने विस्तार मंदावत असणार. दोन स्वतंत्र गटांनी दूरचे, ठरावीक तेजाचे सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारे तारे, तपासले आणि ते अपेक्षेहून मंद, म्हणजे अपेक्षेहून दूर, आढळले. विस्तार वेग घेत होता. २०११ चे नोबेल यासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळाले. आइनस्टाइन यांनी टाकून दिलेले ते पद आता कृष्ण ऊर्जा म्हणून परत आले, आणि विश्वाच्या जमाखर्चात तिचा हिस्सा ६८ टक्के ठरला. न दिसणारे, केवळ ओढीवरून कळणारे कृष्ण द्रव्य २७ टक्के, आणि तारे, ग्रह, सह्याद्री, आपण असे सगळे मिळून ५. यात एक गंमत आहे. स्थिर स्थितीच्या सिद्धान्तातही विस्तार वेग घेणाराच होता. सिद्धान्त हरला, पण त्याचा हा एक निष्कर्ष विजेत्यांच्या घरात मागच्या दाराने शिरला.

ही ऊर्जा कायम तितकीच राहिली तर विस्तार असाच चालू राहील. कालांतराने ती वाढत गेली तर दीर्घिका, तारे आणि शेवटी अणूही फाटतील. उलट होऊन ती ओढणारी झाली तर सगळे पुन्हा कोसळेल. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या डेझी या सर्वेक्षणाने दीड कोटीच्या आसपास दीर्घिका व क्वासार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) मोजून २०२४ आणि २०२५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत ही ऊर्जा क्षीण होत असल्याचा इशारा आहे. शोध म्हणण्याइतका तो अजून पक्का नाही. शिवाय विस्ताराचा दरच दोन पद्धतींनी दोन येतो: पार्श्वभूमी प्रारणावरून ६७, सेफीड आणि सुपरनोव्हांवरून ७३. हबल यांच्या वेळी चूक काही पटींची होती, आता ती नऊ टक्क्यांची आहे, पण भांडण तेच आहे. यावर तिसरा उपाय गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे जड ताऱ्यांच्या टकरीने अवकाशात उठणाऱ्या तरंगांचा. त्यात जवळच्या अंतरावरून दूरचे अंतर काढण्याची शिडी लागत नाही. त्यांच्यावरून अंतर थेट मिळते. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून ७० च्या आसपासचे उत्तर आलेही, पण त्याची अनिश्चितता मोठी होती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया ही वेधशाळा, जिच्या कामात आयुका आहे, अशा टकरींची जागा आकाशात अधिक नेमकी दाखवील आणि ही अनिश्चितता कमी करायला हातभार लावील.

कृष्ण ऊर्जा बदलली नाही असे धरून एक चित्र सांगतो आणि थांबतो. सुमारे १०० कोटी वर्षांत सूर्य इतका प्रखर होईल की पृथ्वीवरचे समुद्र आटतील. ५०० कोटी वर्षांनी तो तांबडा राक्षसी तारा होईल. आकाशगंगा आणि देवयानी यांची गाठ पडेल असे पूर्वी खात्रीने सांगत, अलीकडच्या गणितात पुढच्या १००० कोटी वर्षांत तशी शक्यता निम्मी आहे. त्यापुढे, दहा हजार कोटी वर्षांच्या पलीकडे, जवळचा समूह, जो तोवर मिसळून एकच दीर्घिका झालेला असेल, सोडून बाकी सगळ्या दीर्घिका नजरेआड गेलेल्या असतील, आणि पार्श्वभूमीचे प्रारण ताणले जाऊन कुठल्याही यंत्राला लागणार नाही इतके क्षीण होत जाईल. तारे मात्र तेव्हाही असतील, कारण लहान तांबडे तारे लाखो कोटी वर्षे पुरतात. अशा एखाद्या ताऱ्याभोवती त्या वेळी कोणी खगोलशास्त्रज्ञ असलाच तर त्याला चांगल्यात चांगल्या दुर्बिणीतून एकच दीर्घिका दिसेल आणि भोवती न हलणारा, न बदलणारा काळोख. मोजायला दूरचे उगम नाहीत, चंद्राने झाकायला रेडिओ दीर्घिका नाहीत, पडद्यावर मुंग्या नाहीत. आपले विश्व स्थिर आहे आणि सदैव असेच होते, असे तो लिहील, आणि त्याच्या शेजारच्या संस्थेत त्याला खोडून काढायला कोणाजवळही काही नसेल.